जीवशास्त्राच्या खालचा भूगोल

आमच्या कॉलेजची स्मरणिका छापून आली. जाड कागद, रंगीत फोटो. शिपायापासून अध्यक्षांच्या जावयापर्यंत सगळे तिच्यात आहेत. इंगळे सर नाहीत. अकरा वर्षं ज्या माणसानं तिथं हाडाची काडं केली, त्याचा साधा एका ओळीत उल्लेख नाही. माझं डोकंच फिरलं. स्मरणिका कपाटात टाकली आणि लिहायला बसले. वाचून कॉलेजातलं कोणी खूश होणार नाही. नकोच व्हायला.

एका चुकीपायी सरांची नोकरी गेली, हे देऊळगाव राजात कोणालाही विचारा, सांगेल. ती चूक त्यांची नव्हती, हे दोनच माणसांना माहीत आहे. एक ते स्वतः आणि दुसरी मी.

प्रभाकर इंगळे हे आमच्याकडे संगणकाचे शिक्षक होते. उंच माणूस, पण सदा पडद्यात डोकं घालून बसल्यामुळे मानेतून वाकलेला. बोलणं अस्सल इकडचं. पुण्याहून कोणी पाहुणे आले, की आमचे बाकीचे मास्तर जीभ वळवून वळवून शुद्ध बोलायचे. सर मात्र "या, बसा, पाणी घेऊन राह्यलो" असंच म्हणायचे. पाहुणे गालातल्या गालात हसायचे. सरांना त्याचं काही नव्हतं.

त्यांना एक खोड होती. कोणी काही निवडलं, की ते नेमकं काय निवडलं याची खात्री केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. भाजीच्या गाडीवर वांग्यांच्या ढिगावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे म्हणताय ना तुम्ही ताजे?" भाजीवाली हो म्हणाली, की पुन्हा, "हेच ना? हे बाजूचे नाही?" ती एकदा वैतागून म्हणाली, "सर, वांगे घेऊन राह्यले का सून पसंत करून राह्यले?" सगळा बाजार हसला. सरही हसले, आणि हसता हसता तिसऱ्यांदा विचारून मोकळे झाले.

मी तिथं ऑपरेटर. म्हणजे ऑफिसात फॉर्म भरणारी, दाखले काढणारी, सगळ्यांची बोलणी खाणारी. मी तोंडाची फटकळ, हे गावाला ठाऊक आहे. सर मला 'शोभाताई' म्हणायचे आणि माझं तोंड सहन करायचे. ऑफिसचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. दिसायला अगदी रानटी. करडा पडदा, मोठाली अक्षरं. यादीतून काही निवडलं, की खाली तांबड्या अक्षरात उमटायचं, 'तुम्ही निवडलं: अमुक'. मग ते वाचून 'बरोबर' म्हणायचं, तेव्हा कुठे गाडी पुढे जायची. दिवसाला शंभर फॉर्म भरायचे असले, की ती तांबडी अक्षरं डोळ्यांत खुपायची.

"सर, मी काय आंधळी आहे का?" मी विचारायची.

"तुम्ही आंधळ्या नाही हो. मशीन आंधळं आहे. त्याले तुमचं बोट दिसत नाही. त्याले दिसते फक्त कितवी ओळ. आणि ओळ काय, आज अथी, उद्या तथी."

हे त्यांनी एकदा आम्हाला करून दाखवलं. ऑफिसातल्या आम्हा पाच-सहा जणांना बसवलं, पडद्यावर गावांची यादी लावली, आणि म्हणाले, आपापलं गाव निवडा. मी लोणार निवडलं, माझं माहेर ते. सरांनी प्रत्येकाची निवड कितव्या ओळीवर आहे तेवढाच आकडा मशीनला लक्षात ठेवायला लावला. मग यादीत वरती एकच नवं गाव घातलं. सगळी यादी एक ओळ खाली सरकली. आता पाहतो तर मी साखरखेर्ड्याची झालेली, आणि ग्रंथपाल गडी कुठल्या कुठे जाऊन पडलेला. आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत.

"कितवा हे नाही विचारायचं," ते म्हणाले. "कोण, हे विचारायचं. प्रत्येकाचा आपला एक नंबर राह्यते, तो त्याच्यासंग चिकटवून ठेवा. मंग यादी हला की डुला, माणूस हरवत नाही."

आणखी एक त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या कुठल्याही यादीत पहिलं नाव आधीच निवडलेलं नसायचं. वर कोरी ओळ असायची, 'निवडा' एवढंच लिहिलेली. त्याआधीचा जो विकतचा प्रोग्राम होता, त्यात धर्माच्या यादीत पहिलं जे होतं ते आपोआप पडायचं. घाईत कोण बघतं? रज्जाक मिस्त्री म्हणून आमच्याकडे लोखंडी कपाटं बनवून देणारा कारागीर होता. त्याच्या नातीच्या दाखल्यावर 'हिंदू' छापून आलं. बिचारा दाखला घेऊन दारात उभा. "म्याडम, गलती हो गई शायद," असं आपलीच चूक असल्यासारखं बोलत होता. आमच्यातले काहीजण हसायला लागले. एक जण म्हणाला, "मिस्त्री, फुकटात झालं, ठेवून घे."

सर इतके चिडलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. "याच्यात हसण्यासारखं काय आहे बे?" असं ते त्या गृहस्थाला भर ऑफिसात म्हणाले. मग मिस्त्रीला खुर्ची दिली, दाखला नवा केला, आणि तो गेल्यावर मला सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर असंच झालं होतं. घर बौद्ध, वडिलांनी नाव घालताना तसं सांगितलेलं, पण मास्तरानं वरच्या पोराच्या रकान्यात होतं तेच खाली ओढलं. ते दुरुस्त करायला त्यांच्या बापानं बुलढाण्याच्या किती चकरा मारल्या, याची गणतीच नव्हती. "बापाले कोणी विचारलंच नाही, शोभाताई. विचारलं असतं तर त्यानं सांगतलं असतं ना." एवढं बोलून ते उठून गेले. त्यांना सगळ्या जगाला दोन-दोनदा विचारायची खोड का होती, ते मला तेव्हा समजलं.

पुढे अध्यक्षांचे जावई पुण्याहून आले. अध्यक्षांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. जावयांचा संगणकाचाच धंदा, त्यांनी सासऱ्यांना नवा प्रोग्राम बसवून दिला. निळा-हिरवा, गुळगुळीत, देखणा. तांबडी अक्षरं गेली, 'बरोबर' म्हणणं गेलं. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले. सरांनी मात्र दोन दिवस तो इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि भाऊसाहेबांना अर्ज दिला. नव्या प्रोग्रामात यादीचा घोटाळा आहे, म्हणून.

घोटाळा असा होता. यादीतून एक नाव निवडलं की यादी मिटते, पण मशीनचं लक्ष अजून तिच्यावरच असतं. फॉर्म लांबलचक, जतन करायचं बटण तळाला. तिथं जायला म्हणून आपण माऊसचं मधलं चाक फिरवतो. पान हलत नाही. हलतं ते मिटलेल्या यादीतलं नाव. एक टिचकी, की निवडलेल्याच्या जागी त्याच्या खालचं येऊन बसतं, आणि आपली नजर तर खाली बटणाकडे.

भाऊसाहेबांनी अर्ज बाजूला सारला. "इंगळे, तुमचा प्रोग्राम काढला म्हणून पोटात दुखून राह्यलं का?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. सर बाहेर आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "शोभाताई, एक काम करजा. यादीतून निवडलं, की बाजूच्या कोऱ्या जागेवर एक क्लिक मारा. मंगच चाकाले हात लावा. विसरू नका."

मी म्हणाले, "हो हो, सर." आणि दोन दिवस केलंही तसं.

बारावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. खिडकीबाहेर पोरांची ही गर्दी. सरांना मुद्दाम दुसऱ्या इमारतीत घटक चाचणीवर पाठवलेलं. नाहीतर ते प्रत्येक पोराला पडद्यासमोर उभं करून विषय मोठ्यानं वाचायला लावायचे. माझी मान आखडलेली, डोकं ठणकत होतं. साखरखेर्ड्याची पूजा डोईफोडे, विज्ञान शाखेची, तिचा फॉर्म मी भरला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मग जीवशास्त्र. जीवशास्त्राच्या खाली यादीत भूगोल होता. मी बाजूला क्लिक मारला नाही. चाक फिरवलं, पान हललं नाही, म्हणून चरफडत कडेची पट्टी माऊसनं खाली ओढली आणि जतन करून टाकलं. त्यानंतर तपासायची छापील यादी आली. पोरांनी ओळीत उभं राहून एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या केल्या. पूजानंही केली.

परीक्षेला वीस दिवस राहिले, तेव्हा प्रवेशपत्रं आली. पूजाच्या प्रवेशपत्रावर भूगोल. त्या पोरीनं भूगोलाचं पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि जीवशास्त्र नसेल तर नर्सिंगचं दार बंद. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. काशीनाथराव डोईफोडे, साखरखेर्ड्याला त्यांची पिठाची गिरणी. अंगावर पीठ तसंच. "माह्या पोरीची जिंदगी आहे ही," ते ओरडत होते, "कोणी केलं हे, त्याले समोर आणा." पूजा दाराशी उभी राहून ओढणीनं नुसतं नाक पुसत होती.

दुरुस्ती होण्यासारखी होती. बोर्डाचं म्हणणं एवढंच, की चूक कॉलेजची आहे असं लेखी द्या, आणि ज्यानं फॉर्म भरला त्याचं नाव, त्याची सही. भाऊसाहेब म्हणाले, पोरीनं यादीवर सही केली आहे, चूक पोरीची. सरांनी तिथल्या तिथे मशीन सुरू केलं. जीवशास्त्र निवडलं, चाक फिरवलं, भूगोल आला. पुन्हा निवडलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा भूगोल. भाऊसाहेबांनी जावयांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. जावई म्हणाले, "प्रोग्राममध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. तो वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा आहे."

फोन ठेवून भाऊसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी मशीनवर कोण होतं?"

मी कपाटाला टेकून उभी होते. एरवी माझं तोंड कोणाच्या बापाला भीत नाही. त्या वेळी मात्र तोंडातून शब्द फुटला नाही. माझी नोकरी कंत्राटी, दर जूनला नव्यानं हातापाया पडायचे. घरात नवरा अर्धांगानं पडलेला. हे सगळं मी आता सांगते आहे, तेव्हा काही आठवलं नाही. तेव्हा फक्त भीती वाटली.

"मी होतो," सर म्हणाले.

"तुम्ही? तुमची तर चाचणीवर ड्यूटी होती."

"जेवायच्या सुट्टीत येऊन बसलो होतो. गर्दी होती म्हणून."

आणि त्यांनी कागद ओढून लिहून दिलं. माझ्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थिनीचा विषय चुकीचा नोंदवला गेला. खाली सही, प्रभाकर इंगळे. काशीनाथराव दोन पावलं पुढे आले आणि सरांच्या तोंडावर थुंकायचेच बाकी राहिले. सरांनी मान खाली घालून कागदाची घडी केली, आणि बोर्डाच्या पत्रासोबत तो आजच्या आज गेला पाहिजे असं सांगून निघाले.

मी त्यांच्या मागे धावले. पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. "सर, काऊन केलं असं?"

त्यांना माझा संताप आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "तुमचं नाव सांगतलं असतं तर तुम्ही रडल्या असत्या. मंग भाऊसाहेब म्हणाले असते, चौकशी बसवू. चौकशीत महिना जाते. पोरीचे वीस दिवस राह्यले. बोर्डाले नाव पाह्यजे होतं, खरं नाव नव्हतं पाह्यजे." मग म्हणाले, "पोरीची परीक्षा होऊन जाऊ द्या. मंग तुम्ही स्वतः जाऊन खरं काय ते सांगा. मले नोकरीत कायम करायची फाईल वर गेली आहे. तो कागद तिच्यात लागला तर माह्यं काही खरं नाही."

"सांगते, सर," मी म्हणाले. "शपथ घेऊन सांगते."

पूजाचा विषय आठ दिवसांत दुरुस्त झाला. पोरीनं जीवशास्त्राचा पेपर दिला. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांच्या केबिनपर्यंत गेले. आत जावई बसले होते, पेढे खात होते. मी परत फिरले. मग म्हटलं, निकाल लागू दे. निकाल लागला, पोरगी चांगली पास झाली. मग म्हटलं, जूनमध्ये माझं नवीन पत्र हातात पडू दे. ते पडलं, तोवर सरांची फाईल खाली आली होती. तिच्यात त्यांचाच कागद, त्यांचीच सही, आणि शेरा की सदर शिक्षक जबाबदारीच्या कामास योग्य नाही. जुलैत त्यांना यायला नको म्हणून सांगितलं.

शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले नाहीत. मी खिडकीतून पाहिलं. हातात पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं आणि पाण्याची बाटली. ते गेटबाहेर पडले. मी फॉर्म भरत राहिले, आणि तुम्ही मला आता काय म्हणायचं ते म्हणा, माझं स्वतःला त्याहून वाईट म्हणून झालं आहे.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांना पाहिलं नाही. कानावर यायचं, लोणारला कोणाच्या दुकानात संगणक दुरुस्तीला बसतात. लोणार माझं माहेर, वर्षातून तीनदा जाणं होतं. ते दुकान कोणत्या गल्लीत आहे, तेही मी विचारून ठेवलं होतं. त्या गल्लीतून गेले नाही.

गेल्या मार्चमध्ये मी लोणारच्या बसमध्ये बसले. शेजारी कोण, तर काशीनाथराव डोईफोडे. मांडीवर दळलेल्या पिठाची पिशवी. आता केस पिकलेले, आवाज निवलेला. पूजा नर्स झाली, लोणारला दवाखान्यात लागली, तिला पीठ द्यायला चालले होते. किती कौतुकानं सांगत होते! पोरीचा पांढरा ड्रेस, पोरीचा पहिला रात्रपाळीचा आठवडा, डॉक्टर कसे तिलाच हाका मारतात ते. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

सिंदखेड राजाला बस थांबली आणि सर चढले.

मानेतून आणखी वाकलेले. खांद्याला पिशवी, हातात एक जुना कीबोर्ड कागदात गुंडाळलेला. मला त्यांनी पाहिलं. किंचित हसले. आमच्या समोरचं बाक रिकामं होतं. सर तिथं बसायला वळले, तशी काशीनाथरावांनी पिठाची पिशवी उचलून त्या बाकावर ठेवली.

"अथी माणूस येऊन राह्यला," ते म्हणाले.

कोणी येणार नव्हतं. सरांनी मान हलवली आणि दांडी धरून उभे राहिले. बस सुटली. काशीनाथराव माझ्याकडे वळले, पण आवाज सगळ्या बसला ऐकू जाईल एवढा.

"हाच तो मास्तर, म्याडम. माह्या पोरीची जिंदगी बुडवून राह्यला होता हा. देवानं वाचवलं. तुमच्याच हापिसात होता ना हा? यानंच केलं होतं ना ते?"

माणसं वळून बघायला लागली. सर माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही. नुसतं, एखाद्याला काही विचारून त्याच्या उत्तराची वाट पाहावी, तसं पाहत होते. एक वाक्य होतं. भाऊसाहेब नव्हते, जावई नव्हते, नोकरीचा कागदही आड येणार नव्हता. नवरा जाऊनही दोन वर्षं झाली होती. बसमधल्या चाळीस अनोळखी माणसांसमोर आणि एका गिरणीवाल्यासमोर मला एवढंच म्हणायचं होतं, की मी केलं.

"हाव," मी म्हणाले. "यांनीच."

सरांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. पुढच्या फाट्यावर बस थांबली, तसे ते दाराकडे निघाले. कंडक्टर म्हणाला, "ओ मास्तर, तुमचं लोणारचं तिकीट आहे ना?"

"हाव, लोणारचंच आहे," सर म्हणाले, आणि उतरले.

बस पुन्हा सुटली. मी मागच्या काचेतून पाहिलं. फाट्यावर झाड नव्हतं, दुकान नव्हतं, भर दुपारचं ऊन होतं. सर कीबोर्ड काखेत धरून दुसऱ्या बसची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभे होते. काशीनाथरावांनी बाकावरची पिशवी परत मांडीवर घेतली आणि पोरीचं पुढे सांगायला लागले.